वेबसाइट बनवणं सोपं झालं, पण त्यावर घर कसं चालवायचं?

नाशिकमध्ये पुन्हा सिंहस्थाची लगबग आहे. जाहीर वेळापत्रकानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. लॉजवाले, खानावळवाले, गाड्या भाड्याने देणारे, मंडपवाले, सगळ्यांनाच बाहेरगावच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसायचे आहे. दुसरीकडे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घरबसल्या वेबसाइट बनवा, महिन्याला लाखो कमवा’ असे मेसेज फिरत असतात. बारावी झालेला मुलगा किंवा कॉलेज अर्धवट सुटलेली मुलगी घरात असेल, तर अम्मी-अब्बूंचे लक्ष अशा मेसेजकडे जाणारच. म्हणून या कामात खरेच रोजी आहे का, हे आपण शांतपणे तपासायला हवे.

आमच्या मते रोजी आहे. पण ती नुसते पान बनवण्यात उरलेली नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेस या मोफत प्रणालीवर आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट चालतात. तयार साचा घ्यायचा, रंग बदलायचा, फोटो टाकायचे, की झाली वेबसाइट. आता तर एआयला चार ओळीत सांगितले तरी साधे पान काही मिनिटांत तयार होते. जे काम कुणालाही फुकटात जमते त्याचे पैसे कोण देणार? जो पोरगा फक्त साचे बदलायला शिकेल, त्याची मजुरी दरवर्षी घसरत जाणार. मालेगावच्या यंत्रमागावर घर चालवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. माल सगळ्यांचा सारखा असला की भाव पडतोच.

मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देते? फोनवर पान पटकन उघडावे, गुगलवर दुकान सापडावे, बुकिंगचा फॉर्म भरल्यावर मालकाला लगेच कळावे, आणि ऐन सीझनमध्ये साइट बंद पडली तर फोन उचलणारा माणूस असावा, याचे. ही कामे करायची तर पाया पक्का लागतो. आधी एचटीएमएल आणि सीएसएस, म्हणजे पानाचा सांगाडा आणि त्याची मांडणी. मग जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाची हालचाल. त्यानंतर वर्डप्रेस. सोबत डोमेन, होस्टिंग आणि बॅकअप म्हणजे काय, हे हाताने करून पाहायचे. एआयची मदत जरूर घ्यावी, पण त्याने लिहिलेल्या कोडमधली चूक ओळखता आली पाहिजे. नाहीतर साइट बिघडली की आपणही गिऱ्हाइकाइतकेच हतबल.

यासाठी कुणी हजारो रुपयांचा कोर्स गळ्यात मारत असेल तर जरा थांबा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे धडे मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. ‘फ्री कोड कॅम्प’वर पहिल्या ओळीपासून सराव करता येतो, तोही फुकट, फक्त थोडे इंग्रजी वाचता यायला हवे. शिक्षण अर्धवट राहिले असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातून काम करता करता पदवी घेता येते. क्लास लावायचाच असेल तर आधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या चालू वेबसाइट पाहायला मागा. सर्टिफिकेट बघून गिऱ्हाईक काम देत नाही, तुम्ही बनवलेले काम बघून देते.

नाशिकचेच एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचा जीव गेला होता. २०१५ च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम झाला. शहराच्या अडचणींवर तरुणांनी उपाय शोधावेत, हा त्यामागचा विचार. त्यात निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी ‘अशिओटो’ नावाची चटई बनवली. तिच्यावरून किती माणसे गेली हे ती मोजते, म्हणजे गर्दी वाढण्याआधी सावध होता येते. प्रोग्रॅमिंग तो स्वतःच शिकला होता. त्याने आपल्या गावाची अडचण आधी नीट पाहिली आणि मग हत्यार उचलले. वेबसाइटच्या धंद्यालाही हाच क्रम लागू पडतो.

आता आपल्या मुलांच्या जमेच्या बाजूकडे पाहू. घरात उर्दू किंवा दखनी, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी, हे आपल्याकडे रोजचेच आहे. पण वेबच्या बाजारात दोन्ही लिप्या नीट जाणणारे हात कमी आहेत. उर्दू पान उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे मेन्यूपासून बटणापर्यंत सगळी मांडणी उलटवावी लागते. नस्तालीक लिपीची अक्षरे तिरकी खाली उतरतात, म्हणून ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते. हे माहीत नसले की पान वाचवत नाही. अनेक उर्दू वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे मजकूर चित्र म्हणून इंटरनेटवर टाकला, त्यामुळे तो शोधला तरी सापडत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराचीही तीच गत. तो युनिकोडमध्ये आणणे हे एक वेगळेच काम आहे. शाळा, ट्रस्ट, प्रकाशक, दवाखाने अशा कितीतरी ठिकाणी त्याची गरज आहे. देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळते, पण आपल्या किती दुकानदारांना ते ठाऊक आहे?

पण काम चांगले केले म्हणून पैसे मिळतातच असे नाही. नवखी मुले बुडतात ती इथेच. ‘ओळखीतलाच आहे, देईल नंतर’ म्हणून काम सुरू होते, मग ‘अजून एक पान टाक, बेटा’ असे करत करत महिना निघून जातो. म्हणून पाने किती, बदल किती वेळा, पैसे किती आणि कधी, हे कामाआधी लिहून घ्यावे. व्हॉट्सॲपवर लिहून ‘मंजूर’ असे उत्तर घेतले तरी तोंडी बोलण्यापेक्षा बरे. निम्मे पैसे आधी, उरलेले साइट सुरू होताना. वर्षभराच्या देखभालीचे पैसे वेगळे सांगावेत. महिन्याची बांधलेली कमाई तिथूनच येते.

‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. काम घेण्याआधी ती करून ठेवली तर कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्यापुढे उशीर झाला तर व्याज लागते आणि तक्रार ऑनलाइन करता येते. परदेशी गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मचा हिशोबही आधीच मांडावा. फायव्हर कमाईतले २० टक्के स्वतःकडे ठेवते. आणि काम देण्याआधी जो ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागतो, तो काम देणारा नसतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुसऱ्या बाजूचीही जबाबदारी आहे. डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्यावे. कित्येक दुकानदारांची साइट अशी गेली की बनवणारा नंबर बदलून गायब झाला आणि सगळे त्याच्या नावावर. दुकानाचे नाव, पासवर्ड, गिऱ्हाइकांचे फोन नंबर ही आपल्या हातातली अमानत आहे. ती नीट सांभाळणाऱ्याला दुसरे काम मागायला जावे लागत नाही.

शेवटी घराबद्दल. हे शिकायला रोज दोन-तीन तास लागतात, आणि पहिले काही महिने हातात काही पडत नाही. तेवढा काळ घराने धीर धरायला हवा. विशेषतः मुलींच्या बाबतीत ‘घरीच बसलेली असते ना’ म्हणून तिला दर दहा मिनिटांनी उठवले तर काम होणार नाही. तिला कोपऱ्यात का होईना एक टेबल हवे, ठरलेली वेळ हवी, आणि तिच्या कमाईचे खाते तिच्या नावाचे हवे.

आणि मोहल्ल्यातल्या दुकानदार चाचांना एक विनंती. आपल्याच पोराकडून किंवा पोरीकडून साइट बनवून घ्या, पण ‘आपलाच आहे’ म्हणून फुकट मागू नका. शिंप्याला शिलाई देता, गवंड्याला मजुरी देता, तसे यांनाही द्या. पहिल्या पाच गिऱ्हाइकांनी वेळेवर पैसे दिले, तर सहावे शोधण्याची हिंमत त्यांच्यात आपोआप येईल. सिंहस्थाची गर्दी काही महिन्यांत ओसरेल, पण तोवर बनवलेल्या साइटची देखभाल वर्षानुवर्षे चालू राहू शकते.