बटण दाबण्याआधीचा निर्णय

पावसाळ्यात कराडपासून सांगलीपर्यंत घराघरांत सकाळी दोन आकडे विचारले जातात : कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले. या आकड्यांमागे एक नियंत्रणव्यवस्था उभी असते. अशी व्यवस्था कशी असावी याचा अत्यंत कसून विचार झाला तो, नवल वाटेल, पण अणूच्या अंतरंगातील कण शोधणाऱ्या प्रयोगशाळांत. म्हणून मला त्या इतिहासाकडे वळावेसे वाटते.

जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत 1959 साली प्रोटॉनांना वेग देणारे मोठे यंत्र सुरू झाले, तेव्हा नियंत्रण म्हणजे तबकड्या, खटके आणि तारांचे जंजाळ. पुढचे यंत्र सात किलोमीटर परिघाचे. त्यासाठी 1976 साली ठिकठिकाणी छोटे संगणक बसवून ते एकमेकांस जोडण्यात आले आणि काचेच्या पडद्यावर बोट टेकवून आज्ञा देण्याची सोय झाली. आपल्या मोबाइलच्या पूर्वजांपैकीच ती एक.

त्यानंतर आला 27 किलोमीटरचा महात्वरक. त्यात प्रोटॉन सेकंदाला अकरा हजारांवर फेऱ्या मारतात. काही बिघडले तर माणसाला विचारण्याइतकी उसंत कुठली? म्हणून तेथे संरक्षणाची साखळी नेहमीच्या संगणकप्रणालीपासून वेगळी आणि मुद्दाम साधी ठेवली आहे. 'सर्व ठीक' हा संकेत तुटला की दोन-तीन फेऱ्यांतच प्रोटॉनांचा झोत बाहेर काढला जातो. कोणाची परवानगी लागत नाही, कारण मर्यादा आधीच ठरलेली असते.

तरीही 19 सप्टेंबर 2008 रोजी अपघात झालाच. दोन चुंबकांमधील एक विद्युत्-जोड निकामी झाला, काही टन हेलियम बोगद्यात पसरला आणि यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद राहिले. त्या जोडांवर पुरेशी सूक्ष्म नजर ठेवणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. ती नंतर बसवण्यात आली. या महात्वरकातील चुंबकांच्या संरक्षणाची हजारो उपकरणे भारतातून गेली आहेत, आणि 2017 पासून भारत 'सर्न'चा सहयोगी सदस्य आहे. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही.

आता कृष्णाकाठी येऊ. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर सांगलीने सोसले. 2019 साली आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी 45 फूट आहे. कृष्णा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी नोंदवणारी स्वयंचलित यंत्रणा बसली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण नोंद होणे वेगळे आणि नियंत्रण असणे वेगळे.

धरण आणि त्वरक यांत एक मूलभूत फरक आहे, तो विसरून चालणार नाही. त्वरक बंद केला की संकट टळते. धरणाला असे 'बंद' नाही. पाणी अडवले तर धरणाची चिंता, सोडले तर गावाची. शिवाय धरणांखाली पडणाऱ्या पावसाला दरवाजाच नसतो. म्हणून सगळे संगणकावर सोपवा, असे मी म्हणणार नाही.

मात्र दोन धडे घेण्याजोगे आहेत. पहिला, जेथे मोजमाप नाही तेथेच घात होतो. तेव्हा ओढे-नाले आणि धरणाखालचे पाणलोटही नजरेखाली हवे. दुसरा अधिक महत्त्वाचा. कोणत्या पावसात कोणत्या धरणातून किती पाणी सोडायचे, हे कोयना, वारणा आणि कर्नाटकातील अलमट्टी यांनी मिळून उन्हाळ्यातच ठरवावे आणि ते नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. ऐन पुरात फोनाफोनी करून घेतलेला निर्णय योग्य असला तरी उशिराचा ठरतो. आणि उशिराची किंमत मोजतो तो काठावरचा माणूस.