एका वेळी एकच गोष्ट बदला

यंदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बसवले होते. ज्वालामुखी आणि पवनचक्क्यांच्या रांगेत सातवीतली एक पोर दोन कुंड्या घेऊन उभी होती. एकीत शेणखत, दुसरीत युरिया. शेणखताची मेथी वीतभर, युरियाची चार बोटे. फलकावर ठसठशीत निष्कर्ष : शेणखत श्रेष्ठ.

मी विचारले, "बाळ, कुंड्या ठेवल्या कुठे होत्या?"

"शेणखताची अंगणात, युरियाची पडवीत. अंगणात जागा नव्हती."

"आणि माती?"

"एक मळ्यातली, एक घरामागची."

आता तुम्हीच सांगा, मेथी वाढली ती खताने, उन्हाने की मळ्यातल्या मातीने? गाडी तिघांनी ओढली आणि शाबासकी एकट्याला!

पुस्तकात यासाठी दोन शब्द आहेत. जी गोष्ट आपण मुद्दाम आपल्या हाताने बदलतो, ते स्वतंत्र चल. तिच्यामुळे जे बदलते आणि आपण मोजतो, ते अवलंबी चल. इथे खताचा प्रकार स्वतंत्र, मेथीची उंची अवलंबी. ऊन, माती, पाणी, बियांची संख्या हे सारे सारखे हवे. शिवाय बिनखताची तिसरी कुंडी हवीच, नाहीतर ताडून बघणार कशाशी? मुलांचा गोंधळ उडाला, तर 'अमुक बदलले तर तमुक किती बदलते' असे वाक्य करायला सांगा. अमुक ते स्वतंत्र, तमुक ते अवलंबी.

मागे तिचे वडील उभे होते. म्हणाले, "गुरुजी, गेल्या साली मी कापसाचं बियाणं बदललं, लागवड आठ दिवस आधी केली, वर दुकानदारानं दिलेलं टॉनिक फवारलं. कापूस चांगला आला. तो म्हणतो टॉनिकचाच गुण. यंदा पुन्हा बाटल्या घ्यायच्या का?"

म्हटले, "दादा, तुमचं शेत लेकीच्या कुंडीसारखंच झालं की!" यंदा एकच बियाणे, एकाच दिवशी लावा. एका तुकड्याला फवारा, शेजारच्या तुकड्याला नको. मधल्या कडेचे तास धरू नका, तिथे फवारा उडतो. दोन्हीकडचे सारखेच तास घेऊन दर वेचणीला कापूस वेगवेगळा तोला. इंग्लंडात रॉथॅमस्टेडला १८४३ पासून गव्हाच्या एका शेतात असेच पट्टे आहेत, आणि त्यातल्या एका पट्ट्याला आजवर कसलेच खत दिलेले नाही.

पुढच्या प्रदर्शनासाठी घरचाच प्रयोग सुचवतो. सोयाबीनचे साल नाजूक, मळणी यंत्राचा वेग जास्त झाला की बी दुखावते. एकाच शेतातले, एकाच जातीचे थोडे सोयाबीन काठीने बडवून काढा, थोडे यंत्रातले घ्या. प्रत्येकाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. असे तीन तीन शेकडे करा, एकावर भरवसा नको. गोणपाट सारखे, सावली एक, पाणी शिंपडणारा हात एक. सात-आठ दिवसांनी धड कोंब आलेले दाणे मोजा. मळणीची रीत स्वतंत्र चल, उगवलेले दाणे अवलंबी चल.

हा आकडा वडिलांनाही दाखवावा. शंभरात सत्तरच्या खाली उगवण आली, तर घरचे बियाणे पेरताना एकरी प्रमाण वाढवावे लागते.