पलंगाची दिशा आणि विचारांची दशा

काही वर्षांपूर्वी ठाण्यातील एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांच्या ऐंशीच्या घरातील मातोश्रींचा पलंग वर्षानुवर्षे न्हाणीघराच्या दाराजवळ होता. घरी आलेल्या फेंगशुई सल्लागाराने तो पाहिला आणि गंभीर मुद्रेने सांगितले, ‘‘पाय थेट दाराकडे आहेत, ही मृत्यूची स्थिती!’’ पलंग त्याच दिवशी पलीकडच्या कोपऱ्यात गेला. पंधरवड्याच्या आत मातोश्री रात्री अंधारात सवयीने उठल्या, कपाटाला अडखळून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. पलंग हलला होता, सवय हलली नव्हती. घरातील मंडळींचा निष्कर्ष मात्र असा, की पलंग हलवला म्हणून थोडक्यात निभावले!

हे उद्‌गार हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. बरे झाले तर सल्ल्याचा गुण आणि वाईट झाले तरी सल्ल्याचाच गुण, अशी ज्याची रचना आहे, त्याला शास्त्र कसे म्हणावे?

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. ग्वो पू (इ. स. 276-324) या चिनी विद्वानाच्या नावावर सांगितला जाणारा या विद्येचा प्राचीन ग्रंथ घराविषयी नसून दफनभूमीच्या निवडीविषयी आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे, बोचरे वारे येतात. त्यामुळे पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि दक्षिणेचे ऊन घेणारे घर, हा तेथील अनुभवाचा निष्कर्ष होता. तो शहाणपणाचाच होता. परंतु आपल्या कोकणात पाऊस आणि वारा नैर्ऋत्येकडून झोडपतो. मातीतून उपटलेला नियम दुसऱ्या मातीत रुजत नाही. तेथे त्याचा केवळ ताईत होतो.

पलंगाच्या नियमांचेही तसेच आहे. मृतदेह पाय पुढे करून दाराबाहेर नेण्याची चिनी प्रथा आहे. म्हणून दाराकडे पाय नकोत. उशाशी भक्कम भिंत असावी, दार दिसावे पण पलंग त्याच्या सरळ रेषेत नसावा, डोक्यावर तुळई आणि समोर आरसा नसावा, असेही सांगतात. यातील काही गोष्टी साध्या व्यवहाराच्या आहेत. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, दार उघडताच निजलेले माणूस दिसू नये, हे आपल्या आजीनेही सांगितले असते. तिने त्यासाठी शुल्क आकारले नसते, एवढाच फरक!

खरी गंमत पुढे आहे. होकायंत्र मानणाऱ्या एका पंथात जन्मवर्षावरून आणि स्त्री-पुरुष भेदावरून माणसांचे पूर्व गट आणि पश्चिम गट असे दोन वर्ग पाडले जातात. पूर्व गटाला उत्तर, दक्षिण, पूर्व आणि आग्नेय या दिशा शुभ. पश्चिम गटाला उरलेल्या चार. पती एका गटातील आणि पत्नी दुसऱ्या गटातील निघाली, तर एकाच पलंगावर दोघांनी उशी कोणत्या दिशेला घ्यावी? थॉमस लिन युन यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत रुजवलेल्या पंथाने तर होकायंत्रच बाजूला ठेवले आणि सर्व मांडणी खोलीच्या दारावरून ठरवली. एकच खोली, एकच पलंग आणि परस्परांना छेद देणारी उत्तरे!

यावर आपल्यातील काही जण अभिमानाने म्हणतील, ‘परकीय फेंगशुई कशाला? आपले वास्तुशास्त्र आहे ना!’ विष्णुपुराणात पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे डोके करून निजावे असे सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर शय्या आणि आसने यांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पलंगासाठी कोणते लाकूड घ्यावे याचा विचार आहे, तसे शकुनही आहेत. हा वारसा अभ्यासावा, जपावा. तथापि उत्तरेकडे डोके केल्यास पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे रक्तातील लोह ओढले जाते, हे समर्थन वारशाचा गौरव नसून त्याची विटंबना आहे. रक्तातील लोह खिळ्यासारखे चुंबकाला चिकटत नाही. एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारो पटींनी प्रबळ असते; त्यातून रुग्ण सुखरूप बाहेर येतात. प्रत्येक आचार विज्ञानाच्या आणि उपयुक्ततेच्या कसोटीवर घासून घ्यावा, हा सावरकरांचा आग्रह होता. ती कसोटी चिनी बेडकाला एक आणि आपल्या वास्तुपुरुषाला दुसरी असू शकत नाही.

मग पलंग ठेवावा तरी कोठे? जेथे हवा खेळते, सकाळचा उजेड येतो, दिव्याचे बटण हाताशी असते आणि वृद्धांना रात्री न्हाणीघरापर्यंत अडथळ्याविना जाता येते, तेथे. दहा बाय दहाच्या खोलीत बहुधा अशी एकच जागा असते आणि ती शोधायला होकायंत्र लागत नाही.

त्या मातोश्रींचा पलंग आता पुन्हा दाराजवळ आला आहे. भिंतीला आधाराची दांडी बसवली आहे आणि रात्रभर एक मंद दिवा जळतो. मृत्यूची दिशा मोजणाऱ्यांना जे सुचले नाही, ते अखेर त्यांच्या नातसुनेला सुचले.