कीर्तनाच्या मांडवात ध्वनीची भिंत

भाद्रपद जवळ आला की हैदराबादेतील मराठी मंडळांच्या बैठकींत पहिला प्रश्न निघतो तो 'कीर्तनकार कोण?' हा नव्हे, 'साउंड कोणाचा?' हा! मागे अशाच एका मांडवात आम्ही कीर्तनास गेलो होतो. मंडळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. श्रोते जेमतेम तीनशे. व्यासपीठाच्या दोन्ही अंगांस चार-चार पेट्यांची 'लाईन अ‍ॅरे' मांडवाच्याच आडव्या नळीला टांगलेली. बुवांनी निरूपणास आरंभ केला आणि पुढच्या रांगांतील वृद्ध स्त्रिया कानांवर पदर घेऊन मागे सरकल्या. मागच्या रांगांत तबल्याचा घुमारा तेवढा पोचत होता, शब्द नाही. प्रत्येक ठोक्यासरशी ती नळी थरथरत होती आणि तिच्याखाली मुले बसली होती!

ह्यास आधुनिकता म्हणून गौरविणाऱ्यांना आम्ही विचारतो : हे यंत्र कशासाठी निर्माण झाले, हे आपणांस ठाऊक आहे काय? गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात फ्रान्सच्या ख्रिश्चन हाइल ह्यांनी ह्या रचनेस आजचे रूप दिले. साध्या कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पुरेशा लांबीच्या ओळीपासून तो काही अंतरापर्यंत ३ डेसिबलनेच उतरतो. म्हणजे शेवटच्या माणसास ऐकू यावे म्हणून पहिल्या माणसाचे कान फोडावे लागू नयेत, हाच ह्या रचनेचा हेतू. त्यासाठी वरच्या पेट्या जवळजवळ सरळ, दूरच्या रांगांकडे रोखलेल्या असतात आणि खालच्या पेट्या क्रमाक्रमाने जवळच्या रांगांकडे वाकविलेल्या असतात. आमच्या त्या मांडवात वाकच नव्हता. साऱ्या पेट्या पुढच्या रांगांच्या कानांशी, आणि आवाज पत्र्याच्या छतावर आदळून शब्दावर शब्द चढत होता.

शिवाय ओळ म्हणावी तर तिला लांबी हवी. १०० हर्ट्झच्या खर्ज स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. मीटरभर उंचीच्या चार पेट्या तिला काय आवरणार? तीनशे श्रोत्यांस डोक्यांच्या वर ठेवलेले दोन चांगले साधे ध्वनिक्षेपक पुरतात. मांडव लांब असेल तर मध्यावर आणखी दोन ठेवावेत आणि त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा. ३४ मीटर जाण्यास ध्वनीस सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढाच हिशेब. ह्याच शहरातील गोवळकोंड्यात फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी सुमारे एक किलोमीटरवरच्या बाला हिसारला ऐकू जाते. तेथे जोर नाही, योजना आहे.

आणि जेथे खरोखरच मोठे पटांगण आहे, तेथे ही ओळ अवश्य टांगावी. पण टांगण्याचाही एक धर्म आहे. पेट्या जमिनीवरच पिनांनी एकमेकींस जोडून प्रत्येकीचा कोन ठरल्याप्रमाणे बसवावा. वरची लोखंडी चौकट शॅकलने धरून चेनपुलीने सावकाश उचलावी. ज्या ट्रसवर भार पडणार त्याची क्षमता आधी मोजलेली असावी, पोलादी तारेचा दुसरा स्वतंत्र आधार असावा आणि वर चढविताना खाली कोणीही उभे राहू नये. मांडवाची नळी कापड धरण्यासाठी असते, शेकडो किलोंचा भार तोलण्यासाठी नव्हे.

'आवाज नसला तर तरुण येत नाहीत', असे कार्यकारिणी सांगते. आवाजासाठी आलेला तरुण आवाजाबरोबरच निघून जातो, हे तिने पाहिलेले नाही काय? दुसरे कोणी म्हणतील, 'हा आमच्या धर्मावर घाला आहे.' २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीस दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, ती सर्वधर्मीयांस. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका चर्चच्या प्रकरणात सांगितले की, इतरांची शांती मोडून ध्वनिवर्धकावर प्रार्थना करा, असे कोणताही धर्म सांगत नाही. २०२४ साली हैदराबाद पोलिसांनी धार्मिक मिरवणुकांतील डीजेवर बंदी घातली, तीही सर्वांस लागू. जे विवेकाने सोडावयाचे ते शिपायाच्या दंडुक्याने सोडावे लागले, ह्याची लाज आम्हांस वाटली पाहिजे.

निजामाच्या अमदानीत ह्याच शहरात सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी लागे. त्या काळी, १९०७ साली, विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळा येथे उभी राहिली, ती मराठी शब्द जगावा म्हणून. त्यांचा शब्द सत्तेने अडविला. आमचा शब्द आम्हीच वर्गणी काढून बुडवीत आहो! गोमंतकातील देवळांच्या चौकांत ज्यांच्या आजोबांनी कर्ण्याविना कीर्तने ऐकली, त्यांच्या नातवांस देवाची कथा ऐकू येऊ नये, ह्याहून दैन्य ते कोणते?

कंत्राटदारास आम्ही बोल लावीत नाही. जे मागावे ते तो देतो. मागणाऱ्यांनी सुधारावे. येत्या उत्सवापूर्वी कार्यकारिणीने त्याला दोनच प्रश्न विचारावेत : भार कशावर टांगणार, आणि त्याची क्षमता कोणी मोजली? मग एका सभासदाने शेवटच्या रांगेत आणि एका आजीबाईंनी पहिल्या रांगेत बसावे. बुवांनी साधे एक वाक्य म्हणावे. दोघांसही ते कळले आणि दोघांपैकी कोणाचाही हात कानाकडे गेला नाही, तरच बयाणा द्यावा.