धुऱ्याची मोजणी आणि सूर्य




मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधील हानले येथे आकाश तांबडे झाले. तेव्हापासून ‘हे ध्रुवाकडचे प्रकरण, विदर्भाचा त्याच्याशी काय संबंध’ असे सर्रास बोलले जाते. हे मत साफ चुकीचे आहे, आणि त्याचा फटका आमच्या शेतांच्या मोजणीला बसू शकतो.

सूर्याची अतिनील व क्ष-किरणे वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात. तो थर म्हणजे आयनांबर. सुमारे ११ वर्षांच्या चक्रात सूर्यावरचे डाग वाढले की किरणे वाढतात आणि आयनांबर दाट होते. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून, तिरुनेलवेलीच्या बाजूने जाते. तिथे दिवसा इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून दोन्हीकडे घसरतात. उत्तरेकडची त्यांची रास साधारण अहमदाबाद-भोपाळच्या अंगाला पडते. परतवाडा तिच्या दक्षिण उतारावर आहे, त्यामुळे इथे थोड्या अंतरातही आयनांबराची घनता बदलते. सूर्य जोरात असताना या थरामुळे उपग्रहाच्या संदेशाला होणारा उशीर अंतरात मोजला, तर दहा मीटरच्याही वर जाऊ शकतो.

आता शेते मोजतात ती उपग्रहाचा संदेश घेणाऱ्या रोव्हर यंत्राने. रोव्हर दोन लहरी आणि जवळचे स्थिर केंद्र वापरून ही चूक काढतो, हे खरे. पण केंद्र लांब असेल तर थोडी चूक उरते, ‘फिक्स’ म्हणजे पक्के स्थान मिळायला वेळ लागतो, कधी ‘फ्लोट’वर म्हणजे कमी अचूक स्थानावरच थांबावे लागते. सूर्यास्तानंतर तर आयनांबरात कमी इलेक्ट्रॉनांचे बुडबुडे उठतात आणि संदेश थरथरतो. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरात हे जास्त. बुडबुडा जितका उंच चढतो, तितका उत्तरेला पोहोचतो.

अचलपूर तालुक्यात संत्र्याच्या बागेचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, हातभर सरकला तरी भाऊ भावाशी बोलत नाही. प्रत्येक वाद आयनांबरामुळे होतो असे मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच, की वादातल्या हद्दी शक्यतो सकाळी मोजाव्यात, काही तासांनी पुन्हा मोजून दोन्ही आकडे ताडावेत आणि मोजणीची वेळ व ‘फिक्स’ होता की ‘फ्लोट’, हे शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर लिहावे. याला पैसा लागत नाही.

ज्ञानासाठी परदेशी जायचेही कारण नाही. १८५९ च्या सौर महावादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेने केली होती. १९०४ पासून चुंबकीय नोंदींचे हे काम अलिबागला चालू आहे आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेलला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना भूकरमापकांच्या प्रशिक्षणाला बोलवा.

— एक शेतकरी वाचक, परतवाडा (जि. अमरावती)