दोन सिलिंडर आणि एक नळी

गेल्या महिन्यात चेन ताणण्याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर मंडळाच्या तिळगूळ समारंभात दोन काकांनी मला गाठलं. "चेनचं कळलं रे, पण तुझ्या स्वतःच्या गाडीचे आरसे का इतके थरथरतात?" उत्तर द्यायला तोंड नव्हतं, कारण तो उद्योग माझाच होता.

दिवाळीत घराबरोबर गाडीचीही साफसफाई काढली होती. माझी गाडी ६५० सीसीची, दोन सिलिंडरची. थ्रॉटल बॉडीत काजळी धरली होती, ती स्प्रे मारून पुसून काढली. काजळी गेली आणि तिच्याबरोबर गाडीचं शहाणपणही गेलं. सिग्नलला उभी राहिली की थडथड. अलकापुरीच्या गरनाळ्यात दुसऱ्या गिअरवर हळू चालवली की उचकी लागल्यासारखे झटके. आरशात मागची एक रिक्षा मला दोन दिसायची.

झालं काय होतं ते सांगतो. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी थ्रॉटल बॉडी आहे. आत नाण्यासारखी गोल चकती असते. मूठ पिळली की ती कलते आणि हवा आत जाते. दोन्ही चकत्या एका जोडणीने बांधलेल्या आणि मधे स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू. हा स्क्रू दोन्ही चकत्यांना सारखं उघडायला लावतो. मूठ पूर्ण पिळलेली असताना थोडा फरक असला तरी बिघडत नाही. पण गाडी नुसती सुरू असते तेव्हा चकतीच्या कडेला केसाएवढी फट उघडी असते. त्या फटीत केसाएवढा फरक म्हणजे एका सिलिंडरला दुप्पट हवा. मग एक सिलिंडर ओढतो, दुसरा फरफटत जातो, आणि दोघांचा क्रँक एकच असल्याने भांडण सगळ्या गाडीला ऐकू येतं.

आमच्या घरात असल्या भांडणांचे जुने जाणकार म्हणजे बाबा. माझ्या जन्माआधी त्यांच्याकडे राजदूत ३५० होती. ३४७ सीसीची टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. १९८३पासून फरिदाबादला बनायची. तिचे कार्बोरेटर बाबा कानाने जुळवायचे. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी एकाची फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची. नंतर दोन सायलेन्सरमागे दोन तळहात धरायचे. दांडिया बाजारातली पोरं आपापल्या गाड्या घेऊन वाड्याच्या चौकात रांग लावायची, असं आई सांगते.

म्हणून आधी बाबांनाच बोलावलं. एअर फिल्टरचा डबा काढला, इंजिन तापवलं. बाबांनी तीच जुनी पद्धत वापरली. डोळे मिटून डावीकडचं ऐकलं, उजवीकडचं ऐकलं, आणि म्हणाले, "दोन्ही सारखे आहेत. तुझा दोष दुसरीकडे आहे." नंतर मी नळी कानाला लावली. डावी बाजू चक्क फूत्कारत होती.

मी काही बोललो नाही. कारण त्याच आठवड्यात घरात द्रोणांचं प्रकरण झालं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने साठ द्रोण आणायला सांगितले आणि बाबा आठ घेऊन आले. आई म्हणाली, "आठ द्रोणांत मी काय करू?" बाबा म्हणाले, "तू आठच म्हणालीस. हल्ली तुम्ही सगळे पुटपुटता." आम्ही हसलो. पण वयानुसार कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. 'स', 'श', 'फ' हे त्यातलेच. साठमधला 'स' गळला की आठच उरतात. थ्रॉटलची फुसफुससुद्धा त्याच पट्टीतली.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. डिसेंबरमध्ये बाबा स्कूटरवरून वळताना मागून आलेली इलेक्ट्रिक स्कूटर त्यांच्या कोपराला घासून गेली होती. ती आलेली त्यांना कळलीच नव्हती. हे त्यांनी नाही, शेजारच्या वहिनींनी आम्हाला सांगितलं. कान तपासून घ्या म्हटलं की विषय बदलायचे.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "बाबा, तुमच्या कारखान्यात दोन दाबांतला फरक कशाने मोजायचे?" बाबांनी खतांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात ३१ वर्षं काढली आहेत. ते खुर्चीतून उठलेच. "यू-ट्यूब. त्याला काय लागतं?"

खरंच फार काही लागत नाही. फिश टँकच्या दुकानातून चार मिलिमीटर भोकाची पारदर्शक नळी आणली, पाच मीटर. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी ठोकली. तळाच्या भागात टू-टी ऑइल भरलं, मधे आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप चिकटवली. नळीची दोन टोकं दोन थ्रॉटल बॉडींच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांवर. इंजिन दर फेऱ्याला हिसके देतं, त्याने तेल नाचू नये म्हणून दोन्ही बाजूंना फिश टँकचेच छोटे व्हॉल्व्ह, जवळपास बंद केलेले.

पाणी का नाही, हा माझा प्रश्न. बाबांनी मलाच हिशेब करायला लावला. एक नळी निसटली तर दुसरी बाजू सगळा द्रव इंजिनात ओढून घेणार. द्रव दाबला जात नाही. आमच्या नळीत एक मीटर तेल, म्हणजे साधारण १२ मिलिलिटर. माझा एक सिलिंडर ३२४ सीसीचा, कॉम्प्रेशन साडेनऊ. पिस्टन अगदी वर आला तरी ३८ मिलिलिटर जागा उरते. १२ मिलिलिटर तेल गेलं तर धूर होईल आणि जळून जाईल. पाणी जळत नाही आणि मागे गंज ठेवतं. म्हणून तेल, आणि तेही मोजकंच. पूर्वी वर्कशॉपमध्ये पारा वापरायचे. तो विषारी, घरात नकोच. शिवाय पाऱ्यात जो फरक एक सेंटिमीटर दिसतो, तो तेलात पंधरा सेंटिमीटर दिसतो.

तुम्ही करणार असाल तर क्रम लक्षात ठेवा. थंड इंजिनवर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, मग प्लग, मग थ्रॉटल केबलची ढिलाई, मग इनटेकच्या रबरांना कुठे चीर नाही ना, हे आधी. ते बरोबर नसेल तर स्क्रू फिरवून काही साधत नाही, एक चूक दुसरीखाली झाकली जाते. कारखान्यातून रंगाचा ठिपका लावून आलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही. आणि इंजिन नेहमी उघड्यावर चालवायचं. बंद पार्किंगमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता घात करतो. गाडी एअर-कूल्ड असेल तर पुढे टेबल फॅन लावा.

डबा परत बसवला, वाड्याच्या चौकात गाडी लावली. इंजिन तापल्यावर नळ्या जोडल्या. तेल हललं आणि उजवीकडे चढायला लागलं. चकती जास्त बंद, तिच्यामागे ओढ जास्त, म्हणून तेल त्या बाजूला. बाबांनी चष्मा पुढे ओढून टेप वाचली. "बावीस सेंटिमीटर." मग थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"मला दोन्ही सारखे ऐकू येत होते," ते म्हणाले.

"डावा आवाज मोठा होता, बाबा."

"तू तेव्हा बोलला नाहीस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, मी स्क्रूड्रायव्हर दिला. पाव फेरा, आणि तेल चौदावर आलं. मूठ एकदा उघडून सोडायची, तेल स्थिर होऊ द्यायचं, मगच पुन्हा वाचायचं. आणखी पाव फेरा, सहा. मग अगदी जरासा. हात थोडा कापत होता, पण थांबावं कुठे हे हाताला माहीत होतं. शेवटी एक सेंटिमीटरच्या आत फरक राहिला. तीन हजार आरपीएमला बघितलं तर दोन. "याच्या पुढे जायचं नाही," बाबा म्हणाले. "शून्याच्या नादाला लागलास तर दिवस जाईल आणि गाडीला कळणारसुद्धा नाही."

नळ्या काढून तोट्यांना टोप्या घातल्या. हे विसरू नका, नाहीतर तिथूनच हवा आत जाईल आणि सगळं मुसळ केरात. मग गाडी सुरू केली. आरशात मागची भिंत दिसली, तिच्यावरची पतंगाची तुटलेली दोरीसुद्धा.

हात धुताना बाबांनी विचारलं, "ते कानाचं यंत्राने मोजतात ना? दोन्ही वेगवेगळे?"

"हो. उजव्या कानाचा आलेख वेगळा, डाव्याचा वेगळा."

"आकडे दाखवतात?"

"दाखवतात."

"मग गुरुवारी जाऊ. उगाच कोणी नुसतं सांगून मी ऐकणार नाही."

गुरुवारी गेलो. आलेख हातात घेऊन बाबांनी डॉक्टरांनाच मापनाच्या पद्धतीवर चार प्रश्न विचारले. दोन्ही रेघा खालच्या पट्टीत ठीक आणि वरच्या पट्टीत उतारावर, डावी जरा जास्त. सध्या यंत्र महिनाभर वापरून बघायला दिलं आहे. भांड्यांचा आवाज फार होतो अशी तक्रार आहे. आईचं म्हणणं, तो आधीपासूनच होता.

फळी मी माळ्यावर टाकणार होतो. बाबांनी ती जिन्याखाली खिळ्याला टांगली आहे. ज्यांची दोन सिलिंडरची गाडी असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं, चहा आमच्याकडून. पुढच्या महिन्यात व्हॉल्व्हचं क्लिअरन्स.