परीक्षेचा निबंध आणि उसना मजकूर

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळावा, तेथील रुग्णालयात परिचारिकेची जागा मिळावी किंवा कायम वास्तव्याचा परवाना हाती यावा, या हेतूने इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेस बसणाऱ्या आपल्या तरुणांना तिच्या लेखनविभागाची जी धास्ती वाटते, तिचे मूळ इंग्रजी भाषेत तितकेसे नसून, स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत मुद्देसूद मांडण्याची तालीम आपण त्यांना शाळेपासून कधी दिलीच नाही, यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विभागात एका तासात दोन मजकूर लिहावयाचे असतात. पहिला किमान १५० शब्दांचा, म्हणजे शैक्षणिक शाखेत आलेख, तक्ता किंवा नकाशा यांचे वर्णन आणि सर्वसाधारण शाखेत पत्र. दुसरा किमान २५० शब्दांचा निबंध, ज्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट धरले जाते. विचारलेल्या प्रश्नाला पुरते उत्तर मिळाले काय, मांडणी सुसंगत आहे काय, शब्दयोजना समर्पक आहे काय आणि व्याकरण शुद्ध असून वाक्यरचनेत वैविध्य आहे काय, या चार कसोट्यांना समान महत्त्व असते. म्हणजे निम्मे गुण विचाराचे आणि त्याच्या मांडणीचे ठरतात.

असे असता शिकवणीवर्गांत बहुधा काय चालते? कोणत्याही विषयाला चिकटवता येतील अशी प्रारंभाची आणि समारोपाची वाक्ये पाठ करवून घेतली जातात. पाठ केलेला मजकूर परीक्षकाच्या सहज ध्यानात येतो आणि उमेदवाराच्या भाषाज्ञानाचा दाखला म्हणून तो धरला जात नाही, हे ठाऊक असूनही हा परिपाठ सुटत नाही. कारण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ गाइडातून उतरवून गुण मिळविण्याची सवय आपणच या मुलांना दहावीपर्यंत लावलेली असते.

सार्वजनिक वाहतूक मोफत असावी काय, असा प्रश्न आला असे समजा. पाठांतर केलेला विद्यार्थी आधुनिक जगातील वाढत्या लोकसंख्येपासून आरंभ करील आणि तेथेच घोटाळेल. परंतु एसटीने रोज तालुक्याच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलीजवळ याहून कितीतरी भक्कम सामग्री आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाल्याने घरच्या खर्चात काय फरक पडला, हे ती जाणते. आणि ज्या गावी सायंकाळी एकच गाडी येते, तेथे तिकीट फुकट केले तरी ती गाडी चुकलेल्या मुलीची सोय होत नाही, हेही तिने अनुभवलेले असते. सवलत हवी, पण फेऱ्या वाढविण्याचा खर्च तीत बुडू नये, हे तिचे मत, त्यामागचे कारण आणि हा दाखला तिने आधी मराठीत चार ओळींत नोंदवावा, मग साध्या इंग्रजीत लिहावा. जडजंबाल शब्दांची तेथे बिलकूल गरज नाही.

आपले मत सकारण मांडण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रे लिहिली, १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली आणि १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केला. प्रतिपक्षाचा आक्षेप टाळून न जाता त्याला सकारण उत्तर देणे, हे आगरकरांच्या लेखनात पदोपदी आढळते, आणि दोन्ही बाजूंची चर्चा करून आपले मत द्या, असे प्रश्नपत्रिका सांगते तेव्हा तिला नेमके हेच हवे असते.

भाषेच्या चुका अर्थातच उरतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नसल्याने ती गाळली जातात, आणि स्वल्पविराम देत वाक्यामागून वाक्य जोडले जाते. अशा चुका पुस्तकातील नियम वाचून जात नाहीत. घड्याळ लावून चाळीस मिनिटांत लिहिलेला निबंध जाणत्या माणसाने तपासावा आणि विद्यार्थ्याने तो पुन्हा लिहावा, एवढाच त्यावर इलाज आहे. हजारोंची फी ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी आठवड्यातील एक सायंकाळ या कामी राखून ठेवावी आणि इंग्रजीच्या निवृत्त शिक्षकांनी लाल शाईची लेखणी घेऊन तेथे बसावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.